ऐकू येतं, पण कळत नाही

काल, खाल, गाल, घाल. हे चार शब्द एकदा सावकाश, मोठ्यानं म्हणून बघा. म्हणताना एक हात गळ्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताचा तळवा तोंडासमोर धरा. चारही वेळा जिभेची मागची बाजू टाळूला त्याच जागी टेकते, हवा तिथेच अडते आणि तिथूनच सुटते. पुढचं 'आल' तर चौघांचं सारखंच. मग 'काल' आणि 'गाल' यांत फरक पडतो तो कशानं? घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण हे शब्द आपण व्याकरणाच्या तासाला पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. हा फरक बहुतांशी वेळेचा आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जीभ टाळूपासून सुटते तो क्षण शून्य धरू. 'गाल' म्हणताना गळ्यातले स्वरतंतू त्याच्या साधारण शंभर मिलिसेकंद आधीपासूनच थरथरत असतात. गळ्यावरच्या हाताला ते जाणवतं. 'काल' म्हणताना ते जीभ सुटल्यावर वीस-पंचवीस मिलिसेकंदांनी थरथरू लागतात. 'खाल'मध्ये ते ऐंशी-नव्वद मिलिसेकंद गप्प राहतात आणि तेवढ्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. तळव्याला लागते ती हीच. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायलाही किमान शंभरेक मिलिसेकंद लागतात. 'काल' आणि 'खाल' यांच्यामधलं अंतर त्याहून कमी, आणि तरी 'काल आलात' आणि 'काय खाल' यांत आपला कधी गोंधळ होत नाही.

हे मोजमाप पहिल्यांदा पद्धतशीरपणे झालं ते न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोघांनी १९६४ साली अकरा भाषांतल्या व्यंजनांची वेळ मोजून प्रसिद्ध केली. त्या अकरांत हिंदी आणि तमिळबरोबर मराठीही होती. मराठी आणि हिंदीनं त्यांना एका जागी अडवलंसुद्धा. क, ख आणि ग हे तिन्ही नुसत्या वेळेवर वेगळे काढता येतात. घ मात्र निघत नाही. त्यात कंप 'ग'सारखाच आधी सुरू होतो आणि जीभ सुटल्यावर त्या कंपातच श्वास मिसळतो. म्हणजे एकटं घड्याळ सगळं सांगत नाही. पण जे सांगतं तेही थोडं नाही.

वेळेचा हा पट्टा कुठे कापायचा हे भाषेवर ठरतं. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला येणारा 'क' कंपाच्या हिशेबानं आपल्या 'ख'जवळ बसतो आणि त्यांचा 'ग' पुष्कळदा आपल्या 'क'जवळ. आवाज तोच असतो, पण तो कोणत्या खणात टाकायचा हे ऐकणाऱ्याच्या मेंदूनं लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं.

अगदी लहानपणी काय असतं, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या पीटर आयमस यांनी १९७१ साली शोधलं. एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि यंत्रानं तयार केलेला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला. नवा आवाज आला की बाळ जोरात चोखतं, जुन्याला कंटाळलं की मंदावतं. कंपाची वेळ वीस मिलिसेकंदांनी पुढेमागे केली तर ती प्रत्येक वेळी बाळांच्या लक्षात येत नव्हती. इंग्रजीत ब आणि प यांची जिथे सीमा आहे ती ओलांडली तरच चोखण्याचा वेग वाढत होता. यावरून कुणी म्हणालं असतं, बघा, माणूस भाषा घेऊनच जन्माला येतो. पण १९७५ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या उंदराच्या जातीतल्या प्राण्याला 'द' आणि 'त' ओळखायला शिकवलं, आणि त्याची सीमाही इंग्रजी माणसाच्या सीमेच्या अगदी जवळ पडली. दोन आवाजांपैकी आधी कोणता आणि नंतर कोणता हे कळायला मधे सुमारे वीस मिलिसेकंद लागतात, हे त्याआधी, १९५९ मध्येच, आयरा हर्श यांनी दाखवलं होतं. मला यातून एवढंच पटतं, की कानात आधीपासून असलेल्या काही नैसर्गिक सीमांचा भाषेनं उपयोग करून घेतला.

हॅस्किन्सचे लोक मुळात या विषयाकडे वळले ते एका फसलेल्या यंत्रामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अंधांसाठी छापील मजकूर वाचणारं यंत्र बनवायचं त्यांच्या मनात होतं. कल्पना सरळ होती: प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आवाज द्यायचा, माणसं तो सरावानं शिकतील. पण बोलण्याच्या वेगानं आवाज वाजवले की ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू यायची. कितीही सराव केला तरी वेग मोर्सच्या कडकट्टाच्या फार पुढे जाईना. आपण बोलताना मात्र सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी सहज निघतात, आणि ऐकणाऱ्याला ते सहज कळतात.

१९६९ मध्ये रिचर्ड वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं आणखी अवघड केलं. त्यांनी चारच आवाज घेतले: एक उंच सूर, एक फुसफुस, एक खालचा सूर आणि एक गुणगुण. प्रत्येक दोनशे मिलिसेकंदांचा, म्हणजे बोलण्यातल्या एका ध्वनीच्या दुपटीहून लांब. हे चौघे एकामागून एक फिरत ठेवले आणि लोकांना क्रम विचारला. तो सांगता येईना. आवाज कोणते आहेत हे सगळ्यांना कळत होतं, पण कशामागून काय येतं हे कळत नव्हतं.

मग बोलणं कसं कळतं? उत्तर असं, की बोलणं हे सुट्या ध्वनींची रांग नसतंच. 'की' म्हणायला जीभ टाळूला टेकते तेव्हाच ती 'ई'च्या तयारीत पुढे सरकलेली असते, आणि 'कू' म्हणताना ओठ आधीच गोल झालेले असतात. प्रत्येक ध्वनीत शेजाऱ्याची बातमी असते. म्हणून मेंदू ध्वनी एक-एक मोजत बसत नाही. तो साधारण एका अक्षराएवढा तुकडा एकदम उचलतो.

हा तुकडा केवढा, यातच सगळी गंमत आहे. मराठी घ्या, इंग्रजी घ्या, चिनी घ्या. बोलण्याच्या आवाजाचा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा होतो. जबडा साधारण त्याच गतीनं उघडमीट करतो आणि प्रत्येक उघडण्याबरोबर एक अक्षर बाहेर पडतं. आता कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या श्रवणकेंद्रात काय चालतं ते पाहू. तिथल्या पेशींच्या विद्युत हालचालींतही सेकंदाला चार ते आठ अशा संथ लाटा असतात. हुआन लुओ आणि डेव्हिड पोपेल यांनी २००७ मध्ये डोक्याभोवतीचं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजून दाखवलं, की वाक्य ऐकताना या लाटा बोलण्याच्या चढउताराशी जुळतात. वाक्य बदललं की जुळणीचा आराखडाही बदलतो. या लाटा मेंदूच्या स्वतःच्या आहेत आणि बोलण्याच्या तालावर येतात, की प्रत्येक अक्षराला मिळालेला तो निव्वळ प्रतिसाद आहे, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. लाटा जुळल्या नाहीत तर बोलणं नीट कळत नाही, याचे पुरावे मात्र आहेत.

त्यातला माझा आवडता प्रयोग ओडेड गिट्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांचा, २००९चा. त्यांनी वाक्यं दाबून एक तृतीयांश वेळात बसवली, म्हणजे आपण व्हॉट्सॲपवरचा आवाज दुप्पट वेगानं ऐकतो त्याहूनही जास्त. सूर बदलला नाही, फक्त वेग. ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून अधिक शब्द चुकू लागले. मग त्यांनी त्याच दाबलेल्या आवाजाचे चाळीस-चाळीस मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये ऐंशी मिलिसेकंद नुसती शांतता भरली. नवी माहिती काडीचीही घातली नाही. तुकडे तितकेच घाईचे आणि वर त्यांत भोकं पाडलेली. कुणालाही वाटेल, आता तर काहीच कळणार नाही. पण चुका निम्म्यावरून एक पंचमांशाच्या आसपास उतरल्या. एक तुकडा आणि एक शांतता मिळून एकशेवीस मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला आठ तुकडे, आणि मेंदूच्या लाटांना झेपणारी वेगमर्यादा नेमकी इथपर्यंतच जाते. वाक्य अवघड झालं होतं ते आवाज दाबल्यामुळे नव्हे, तर तुकडे मेंदूला उचलता येतील त्याहून जलद आल्यामुळे.

ही मर्यादा सरावानं थोडी ताणता येते. दाबलेल्या बोलण्याची दहा-पंधरा वाक्यं ऐकली की कान सरावतो. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर रोज वापरणारे काही अंध लोक सेकंदाला वीसच्या आसपास अक्षरं समजू शकतात. डोळस माणसानं तो आवाज शेजारून ऐकला तर त्याला भाषा कोणती हेही कळत नाही.

बोलण्यातली शांतता रिकामी नसते, ती ऐकू येते. 'पती' आणि 'पत्ती' म्हणून बघा. दोन्हींत 'त' एकच, पण 'पत्ती'मध्ये जीभ दाताला जास्त वेळ टेकून राहते आणि तेवढा वेळ तोंडातून काहीही आवाज येत नाही. नवरा आणि चहाची पूड यांच्यात फरक करते ती एवढी शांतता. आपल्या छंदशास्त्रानं ही शांतता केव्हाच हिशेबात धरली आहे: जोडाक्षराआधीचं अक्षर आघातानं गुरू होतं, म्हणून 'पती'च्या तीन मात्रा आणि 'पत्ती'च्या चार. (ऱ्हस्व-दीर्घावरून आपण कागदावर एवढे भांडतो, पण 'इ' आणि 'ई'चा फरक आजच्या मराठी बोलण्यात फारसा उरलेला नाही. द्वित्ताचा मात्र शाबूत आहे.)

ही शांतता मोजतं कोण? डोळा उजेडासाठी आहे, कान आवाजासाठी. वेळेसाठी असं वेगळं इंद्रिय नाही. हे काम मेंदूत अनेक ठिकाणी वाटलेलं आहे, आणि त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा वाटा मोठा आहे. लहान मेंदू म्हणजे तोल आणि हालचाल एवढंच आपण शिकलो होतो. जर्मनीतल्या हर्मान आकरमान आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लहान मेंदूचा ऱ्हास झालेल्या रुग्णांना 'बोटेन' आणि 'बोडेन' असे दोन जर्मन शब्द ऐकवले. त्यांतला फरक फक्त मधल्या शांततेच्या लांबीवर ठेवला होता. निरोगी माणसं सीमा ओलांडताच शब्द बदलला म्हणून सांगत. या रुग्णांना ती सीमा सापडत नव्हती. कान चांगले होते, शब्द ओळखीचे होते, फक्त माप हरवलं होतं.

मेंदूचं माप लवचीकही असतं. घाईत बोलणाऱ्याची 'पत्ती' सावकाश बोलणाऱ्याच्या 'पती'एवढ्या वेळात संपू शकते, तरी आपण फसत नाही, कारण आजूबाजूच्या बोलण्याचा वेग पाहून आपण पट्टी बदलतो. लॉरा डिली आणि मार्क पिट यांनी २०१० मध्ये ही पट्टीच फसवून दाखवली. 'लेझर ऑर टाइम' अशा शब्दांतल्या मधल्या 'ऑर'ला हात न लावता त्यांनी फक्त मागचंपुढचं बोलणं मंद केलं. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं 'ऑर' नाहीसा झाला. ध्वनिफितीत तो होता, पण मेंदूनं तो आधीच्या शब्दाचंच शेपूट धरला.

मेंदूला वेळेची जाण असते हे कळल्यावर ती विकायला काढणं ओघानंच आलं. पॉला टॅलल यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं, की भाषा उशिरा येणाऱ्या काही मुलांना झटपट येणाऱ्या दोन सुरांचा क्रम सांगता येत नाही. त्यावरून पुढे १९९६च्या सुमारास बोलणं ताणून, सावकाश करून ऐकवणारे संगणकी खेळ तयार झाले आणि 'फास्ट फॉरवर्ड' या नावानं ते शाळाशाळांतून विकले गेले. २०११ मध्ये त्यावरच्या काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मुलांच्या भाषेला किंवा वाचनाला त्यानं फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा 'मेंदूचा वेग वाढवा' म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालण्याआधी विचार करा.

आता घरातली गोष्ट. 'ऐकू येतं रे, पण कळत नाही', असं आजोबा म्हणतात आणि आपण आणखी मोठ्यानं ओरडतो. उतारवयात कान मंदावतात हे खरं, पण त्याबरोबर वेळेची जाणही बोथट होते. दोन आवाजांमधली जी बारीक फट तरुण कानाला दोन-तीन मिलिसेकंदांची असली तरी कळते, ती वय झालेल्या माणसाला कळायला त्याहून मोठी असावी लागते. ऐकण्याची तपासणी ठीक आलेली असली तरीही. भरभर बोलणं आणि मागे टीव्हीचा आवाज हे दोन्ही एकत्र आले की सगळं ढासळतं. ओरडण्यानं आवाज वाढतो, वेळ वाढत नाही; उलट ओरडताना शब्द वेडेवाकडे होतात. समोर येऊन, ओठ दिसतील असं, वाक्यावाक्यात थांबत बोला. श्रवणयंत्र हवं असेल तर ते घ्यावंच, पण यंत्र आवाज मोठा करतं, तुमच्या बोलण्याचा वेग कमी करत नाही.

याच तक्रारीचं टोकाचं रूप एका आजारात दिसतं. त्याला श्रवणनसेचा विकार, ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. अर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तो या नावानं मांडला. यात कानाच्या शंखातल्या बाहेरच्या केसपेशी उत्तम काम करतात. आवाज आत पोचतो. पण तो नसेवर चढवला जातो तिथे किंवा खुद्द नसेत दोष असतो, आणि हजारो तंतू एकाच क्षणी ठोका देण्याऐवजी थोडे पुढेमागे देतात. ढोल-ताशा पथकातले सगळे वादक जोर पूर्ण लावून, पण ज्यानं त्यानं आपल्या वेळेला वाजवू लागले तर जे होईल तेच हे: आवाज दणदणीत, ताल गायब. अशा माणसाला दारावरची टकटक ऐकू येते, हाक ऐकू येते, पण काय म्हटलं ते कळत नाही, आणि गर्दीत तर काहीच नाही. नुसता आवाज वाढवणाऱ्या श्रवणयंत्राचा पुष्कळांना फारसा उपयोग होत नाही. कॉक्लियर इम्प्लांटचा मात्र अनेकांना होतो, कारण ते विजेचे ठोके थेट नसेला देऊन तंतूंना पुन्हा एकत्र वाजायला लावतं.

बाळांमध्ये हा विकार जन्मतः असू शकतो. काहींत तो ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळे येतो. काहींत दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं किंवा रक्त बदलावं लागेल इतकी तीव्र कावीळ ही कारणं असतात. आणि इथेच एक फट राहते. नवजात बाळाची कानाची पहिली तपासणी पुष्कळ ठिकाणी 'ओएई'नं होते. कानात छोटी नळी घालून टिकटिक ऐकवतात आणि केसपेशींकडून परत येणारा प्रतिध्वनी मोजतात. या विकारात केसपेशी तर धडधाकट असतात, म्हणून कागदावर 'पास' असा शिक्का येतो. आईवडील निश्चिंत होतात आणि दोन वर्षांनी मूल बोलत का नाही म्हणून धावाधाव सुरू होते.

'बेरा' ही दुसरी तपासणी. बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात हजारो टिकटिक सोडतात आणि प्रत्येक टिकटिकीनंतरच्या पहिल्या दहाएक मिलिसेकंदांत नसेतून वर जाणाऱ्या संदेशाची सरासरी काढतात. तंतू एकाच क्षणी बोलत असतील तरच सरासरीत लाटा उमटतात. पुढेमागे बोलत असतील तर रेघ सपाट येते. म्हणजे ही तपासणी आवाजाबरोबर वेळही तपासते.

तुमच्या घरातलं बाळ पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिलं असेल, फार लवकर जन्मलं असेल किंवा त्याला तीव्र कावीळ झाली असेल, तर ओएईच्या 'पास'वर थांबू नका. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: बेरा केली का? जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मुंबईकरांना बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. तपासणीला सुई लागत नाही, दुखत नाही. बाळाला दूध पाजून झोपवून न्यावं लागतं, एवढंच.